बचावकार्याहून परतलेल्या माणसाची झोप

प्रश्न: माझे यजमान अग्निशमन दलात आहेत. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा अवजड यंत्रे डोंगरावर नेता येत नसल्यामुळे हातांनी चिखल उपसणाऱ्यांत तेही होते. आजही पावसाचा जोर वाढला की ते रात्री उठून बसतात. तेव्हाचे चिखलाने माखलेले बूट ना धुतात, ना टाकू देतात. कार्यालयात बोललो तर ‘मनाने कच्चा’ असा शिक्का बसेल, ही त्यांची धास्ती. घरच्यांनी काय करावे?

प्रतिसाद १: ताई, मी या सेवेतूनच निवृत्त झालो. आमच्या वेळी यावर चहाच्या टपरीवरची थट्टा हेच औषध होते आणि ते पुरेसे नव्हते. बुटांना तूर्त हात लावू नका.

प्रतिसाद २: दुःस्वप्ने, दचकणे, प्रसंग टाळणे ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडून आघातोत्तर तणावाची तपासणी करून घ्यावी. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, विनामूल्य बोलता येते. यजमान तयार नसतील तर आधी आपणच फोन करावा, कारण जागरण आपलेही होतेच आहे. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचारांची माहिती गोपनीय राखणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, हे त्यांना अवश्य सांगावे.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. आज ते रात्रपाळीला गेले की फोन करते.