मदत हवी आहे: डेटा मॅनेजमेंट प्लॅनमध्ये नेमकं काय लिहावं?

पानवेल
निधीच्या अर्जाला दोन पानी डेटा मॅनेजमेंट प्लॅन (डेटा कसा गोळा, जतन आणि खुला करणार याचा आराखडा) जोडायचा आहे. ६०० जणांची प्रश्नावली (काही उत्तरं मोकळी, देवनागरीत) आणि ४० मुलाखती, प्रत्येकी साधारण तासभर. मुलाखतींचं ध्वनिमुद्रण होईल, मग ते लिहून काढू. विश्लेषण 'आर' या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेत. प्रकल्प संपल्यावर डेटा खुला करायची अट आहे. मुलाखती खुल्या करता येतात का? फाइल्सना जागा किती धरावी? शेवटी डेटा कुठे ठेवावा, संशोधनाच्या ऑनलाइन भांडारात की कोड ठेवायच्या साइटवर, म्हणजे झेनोडो की गिटहब? संमतीपत्राचा मसुदा अजून एथिक्स कमिटीकडे (संशोधनाला नैतिक मंजुरी देणारी समिती) गेलेला नाही.

तळटीप
मसुदा गेलेला नाही हे फार बरं आहे. आधी प्लॅन पक्का करा, मग संमतीपत्र. "माहिती फक्त संशोधकांपुरती राहील व नंतर नष्ट केली जाईल" हे वाक्य जुन्या नमुन्यातून तसंच उचललं जातं. त्यावर सह्या झाल्या की डेटा खुला करायचा रस्ता बंद. सहभाग, ध्वनिमुद्रण आणि ओळख काढलेली प्रत इतर संशोधकांना देणं, या तिन्हींसाठी वेगळ्या चौकटी ठेवा. तिसरीला नाही म्हणूनही मुलाखत देता आली पाहिजे.

ध्वनिमुद्रण खुलं करू नका, आवाजावरून माणूस ओळखू येतो. आणि नाव खोडलं म्हणजे ओळख गेली, असंही नाही. संगणकशास्त्रज्ञ लाटान्या स्वीनी यांनी २००० साली मांडलेल्या अंदाजानुसार अमेरिकेतले ८७ टक्के लोक झिप कोड (तिथला पिनकोड), पूर्ण जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरूनच वेगळे काढता येतात. म्हणून वय पाच वर्षांच्या गटात घ्या, गावाऐवजी जिल्हा. मग वयोगट, लिंग, जिल्हा, व्यवसाय यांचा एकत्र तक्ता काढा. तक्त्यातल्या एखाद्या घरात पाचपेक्षा कमी माणसं उरली तर गट मोठे करा. नावं आणि सांकेतिक क्रमांक जोडणारी यादी एन्क्रिप्ट करून (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी) डेटापासून वेगळ्या जागी ठेवा.

रकाना
जागेचा हिशोब सोपा आहे. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो वेव्ह फाइल (आवाज न आकुंचता साठवणारी) तासाला सुमारे ३१८ एमबी होते. ४० तासांचे १२.७ जीबी, तीन प्रतींचे ३८. प्रती दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. सिंक होणाऱ्या फोल्डरला बॅकअप समजू नका: इथे फाइल उडाली की तिथेही उडते. मूळ फाइल्स 'फक्त वाचन' करून त्यांचे एसएचए-२५६ चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा संकेत) लिहून ठेवा, म्हणजे पुढे फाइल बिघडली तर कळेल.

प्रश्नावली यूटीएफ-८ (देवनागरी नीट साठवणारं एन्कोडिंग) सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवा, पण ती एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडू नका. देवनागरीचा कचरा दिसू शकतो आणि "3-5" हा पर्याय गुपचूप तारीख होतो. तशीच सेव्ह केली की मूळ उत्तर गेलं. (मार्च-१ सारख्या जनुकांच्या नावांच्याही अशाच तारखा होत, म्हणून २०२० मध्ये नामकरण समितीने त्यांची नावंच बदलली!) इम्पोर्टमधून घ्या, एन्कोडिंग ६५००१ (म्हणजे यूटीएफ-८) निवडा, रकाना 'टेक्स्ट' ठेवा. पर्यायच "3 ते 5" असा लिहिला तर उत्तम.

पानवेल
खूप आभार दोघांचे. आणि झेनोडो की गिटहब?

तळटीप
दोन्ही. कोड लिहिताना गिटहब, पण तिथलं भांडार मालक कधीही पुसू शकतो आणि डीओआय (संदर्भ द्यायचा कायमचा ओळख क्रमांक) मिळत नाही. झेनोडो २०१३ पासून सर्न ही युरोपातली भौतिकशास्त्राची संशोधन संस्था चालवते. एका नोंदीला साधारण ५० जीबी, प्रत्येक आवृत्तीला डीओआय आणि सगळ्या आवृत्त्यांना मिळून आणखी एक. गिटहब जोडलं की प्रत्येक रिलीज (कोडची जाहीर केलेली आवृत्ती) झेनोडोवर आपोआप जतन होते. प्रश्नावलीला सीसी बाय ४.०, कोडला एमआयटी परवाना द्या (दोन्हींत श्रेय ठेवून इतरांना मोकळेपणाने वापर करता येतो). सोबत रीडमी (डेटाची ओळख करून देणारी फाइल) आणि कोडबुक हवंच: प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक, आणि "उत्तर नाही" व "लागू नाही" यांचे वेगळे संकेत.

मुलाखतींच्या लिखित प्रती मर्यादित प्रवेशाखाली ठेवा. प्लॅनमध्ये नुसतं "मागणी केल्यास देऊ" लिहू नका. कोणाला, कोणत्या अटीवर आणि किती दिवसांत देणार ते लिहा. निर्णय एका माणसाच्या नावावर न ठेवता विभागाच्या पदावर ठेवा, कारण माणूस नोकरी बदलतो आणि ईमेल बंद पडतो.