मदत हवी आहे: .३२ पिस्तूल घ्यायचे आहे, भरवशाचे कोणते?

घोडनदीकाठ
नमस्कार. शिरूरजवळ आमचा पेट्रोल पंप आहे. रोकड बँकेत पोचवायचे काम वडील करायचे, ते आता माझ्याकडे आले आहे. स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवान्याचा अर्ज केला होता. पोलीस चौकशी आणि प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र रीतसर पार पडून तो जिल्हाधिकारी कार्यालयातून मंजूर झाला. आता हत्यार घ्यायचे आहे आणि इथेच गाडी अडली आहे.

आयुध निर्माणीचे नवे .३२ पिस्तूल, म्हणजे अशनी, घ्यावे असे माझ्या मनात आहे. ओळखीतल्या एका घरात जुने वॉल्थर पीपी पिस्तूल आहे. मूळ मालक वारले, मुलांच्या नावावर झाले आणि आता त्यांना विकायचे आहे. किंमत काही लाख सांगतात. मामा म्हणतात रिव्हॉल्व्हरच घे, ते अडकत नाही. चुलतभाऊ फौजेत आहे, त्याला ९ एमएमशिवाय काही पसंत नाही.

घरात दोन लहान मुले आहेत. मला मिरवायचे नाही. चाप ओढला तर चालले पाहिजे आणि न ओढता चालता कामा नये, एवढेच हवे. फौजेत किंवा पोलिसांत हत्यारे हाताळलेल्या कोणी मार्गदर्शन केले तर उपकार होतील.

वकील_नगरकर
९ एमएमचा विषय इथेच संपवू. ते प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या मापात) येते, त्याचा परवाना जिल्ह्यातून मिळत नाही, केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जावे लागते. तुमचा परवाना एनपीबीचा, म्हणजे अप्रतिबंधित बोअरचा असणार, म्हणजे .३२ किंवा त्याच्या आसपासचे.

खासगी माणसाकडून घेणार असाल तर शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम ५ वाचा. विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवायचे आणि त्यानंतर ४५ दिवस जाऊ द्यायचे. त्याआधी हत्यार हातात घेऊन घरी येऊ नका, कितीही ओळख असली तरी. स्लाइडवरचा (वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागावरचा) आणि फ्रेमवरचा (खालच्या सांगाड्यावरचा) नंबर त्यांच्या परवान्यावरच्या नंबरशी स्वतः ताडून बघा.

जुना_आर्मरर
फौजेच्या ईएमई या दुरुस्ती विभागात आर्मरर, म्हणजे हत्यारांचा कारागीर होतो. पलटणींची छोटी हत्यारे दुरुस्त करण्यात नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाऊ, तुम्ही नावांची तुलना करताय. पिस्तूल भरवशाचे आहे की नाही हे स्लाइडवरच्या नावावरून कळत नाही. ते मॅगझिन (काडतुसे भरायची पेटी), काडतूस आणि स्प्रिंग या तीन गोष्टींवर ठरते, आणि त्यातही मॅगझिन पहिले. आमच्याकडे इशापूर कारखान्याचे ९ एमएम १ए पिस्तूल असायचे, ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घडणीचे, तेरा राउंडच्या मॅगझिनचे. उत्तम हत्यार. तरीही रेंजवर ते अडले की मी पिस्तूल उघडायच्या आधी मॅगझिन हातात घ्यायचो, आणि बहुतेक वेळा दोष तिथेच सापडायचा. मॅगझिन सिमेंटवर पडले की वरचे ओठ किंचित वाकतात. डोळ्यांना दिसत नाही, पण राउंड (काडतूस) चेंबरकडे, म्हणजे नळीच्या मागच्या घराकडे जाताना कोन बदलतो आणि नाक खाली आपटते. म्हणून कोणतेही पिस्तूल घ्या, मॅगझिन दोन हवीत आणि त्यांच्या तळाला १ आणि २ असे आकडे कोरून ठेवा. रोक आली, म्हणजे पिस्तूल अडकले, की कोणत्या मॅगझिनने आली ते लगेच कळते.

आता .३२ चे खास दुखणे. .३२ एसीपी हे काडतूस जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ च्या सुमारास काढले. त्याच्या कडेचा व्यास पुंगळीच्या अंगापेक्षा जवळपास अर्धा मिलिमीटर जास्त असतो. मॅगझिनमध्ये वरच्या राउंडची कड खालच्या राउंडच्या कडेमागे जाऊन बसली की दोन्ही एकमेकांत अडकतात. याला रिमलॉक म्हणतात. ही रोक स्लाइड ओढून सुटत नाही, मॅगझिन काढून हातानेच सोडवावी लागते. भरताना प्रत्येक राउंडची कड खालच्या कडेच्या पुढे आहे हे बघा. गोळी गोल नाकाची, पूर्ण जॅकेटची वापरा. जुनी पिस्तुले त्याच आकारासाठी घडवलेली आहेत. आखूड गोळीचे राउंड मॅगझिनमध्ये पुढेमागे सरकतात आणि रिमलॉकला निमंत्रण देतात.

मामांचे म्हणणे खोटे नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये राउंड दगा दिला तर पुन्हा चाप ओढा, पुढचे घर समोर येते. ज्याला वर्षातून एकदाही रेंजवर जायचे नाही त्याने रिव्हॉल्व्हरच घ्यावे, हे मी तोंडावर सांगतो. पण त्यात सहा राउंड, चाप जड, आणि पुन्हा भरायला वेळ लागतो. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: रिव्हॉल्व्हरचे .३२ आणि पिस्तुलाचे .३२ ही वेगळी काडतुसे आहेत. रिव्हॉल्व्हरला स्मिथ अँड वेसन लाँग लागते, तिची पुंगळी २३ मिलिमीटरची. पिस्तुलाची १७. दुकानात नुसते ".३२ द्या" म्हणू नका.

दहा_मीटर
काकांच्या शेवटच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. आमच्या २५ मीटर सेंटर-फायर स्पर्धेत तर पिस्तूल असूनही स्मिथ अँड वेसन लाँगच वापरतात, तेही सपाट नाकाचे. तुमच्या हत्यारावर काय कोरले आहे ते पाहूनच काडतूस घ्या.

घोडनदीकाठ
काका, इतके बारकाईने लिहिलेत, मनापासून आभार. वॉल्थरबद्दल सांगाल का? मालक म्हणतात जर्मन माल आहे, फार चालवलेलेही नाही, शंभर वर्षे काही होणार नाही. रविवारी बघायला बोलावले आहे.

जुना_आर्मरर
पीपी १९२९ चे डिझाइन, घडण सुरेखच. आपल्याकडे सामान्य परवानाधारकांसाठी परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकात बंद झाली, म्हणून जुन्यांना लाखांचा भाव आहे. तो भाव दुर्मीळपणाचा आहे, पिस्तूल किती चालेल याचा नव्हे. कमी चालवलेले असले तरी स्प्रिंगा म्हाताऱ्या होतात, आणि एक्स्ट्रॅक्टरचा (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या हूकचा) कोपरा उडाला तर सुटा भाग आणणार कुठून?

रविवारी जाल तेव्हा आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे घेऊन चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपा. मालकाने "रिकामे आहे" सांगितले तरी हे करायचेच. तोंड कायम सुरक्षित दिशेला. नंतर बॅरलमध्ये उजेड पाडून चेंबरच्या भिंतीवर गंजाचे खड्डे आहेत का पाहा. खड्ड्यांत पुंगळी फुगून चिकटते आणि बाहेर येत नाही. एक्स्ट्रॅक्टरचा हूक नखाने तपासा, धार शाबूत हवी.

रिकॉइल स्प्रिंग फार महत्त्वाची. .३२ ची बहुतेक पिस्तुले ब्लोबॅक असतात. बॅरल आणि स्लाइड यांना कुलूप नसते, पुंगळीला मागे थोपवून धरतात ते फक्त स्लाइडचे वजन आणि ही स्प्रिंग. ती मऊ पडली की स्लाइड प्रत्येक फायरला फ्रेमवर आदळते आणि शेवटी तडा जातो. फ्रेमच्या पुढच्या भागात केसासारखी रेघ दिसली तर व्यवहार सोडा.

शेवटची परीक्षा सेफ्टीची. पीपीचा सेफ्टी कॅच खाली केला की चढवलेला घोडा (मागची हातोडी) आपोआप पडतो, पण काडतुसाला ठोका देणारी पिन अडवलेली असते. ती खरोखर अडते का? हत्यार रिकामे असल्याची पुन्हा खात्री करा, तोंड वर धरा आणि खोडरबराची बाजू खाली करून एक पेन्सिल बॅरलमध्ये सोडा. घोडा चढवा आणि कॅच खाली करा. पेन्सिल जागची हलता कामा नये. उडाली तर पिनपर्यंत ठोका पोचतोय. ते हत्यार लहान मुलांच्या घरात नको.

माझे मत विचाराल तर नवे घ्या. सुटे भाग देशातले, काडतूस खडकीच्या कारखान्याचे, बिघडले तर कोणाकडे जायचे हे ठाऊक. मात्र नवे आहे म्हणून डोळे झाकून कमरेला लावू नका. जिल्हा रायफल असोसिएशनच्या रेंजवर परवानगीने, जे काडतूस बाळगणार त्याच जातीच्या काडतुसाने, दोन्ही मॅगझिनमधून चालवा. एकाही मॅगझिनने रोक दिली तर कारण सापडेपर्यंत त्यावर विसंबू नका. मनगट ढिले असले तरी पिस्तूल अडते, म्हणून प्रशिक्षकाच्याही हातून दोन-चार राउंड चालवून घ्या. दोष हत्याराचा की हाताचा, हे तिथेच कळेल.

घोडनदीकाठ
वॉल्थरच्या मालकांना आज नम्रपणे नकार कळवला. नवेच घेतो, दोन मॅगझिनसह. घरात भिंतीत पक्का केलेला लोखंडी लॉकर आहे, काडतुसे वेगळ्या कप्प्यात ठेवीन. चावी माझ्याचकडे. एक राहिले: निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यार ठाण्यात जमा करायला सांगू शकतात ना? तेव्हा काय काळजी घ्यायची?

जुना_आर्मरर
जमा करण्याआधी पूर्ण साफ करा, बॅरलमधून तेलाची चिंदी फिरवा आणि बाहेरून तेलाचा पातळ हात द्या. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका, चामडे ओल धरते आणि महिनाभरात गंज चढतो. मॅगझिन रिकामी द्या. पावतीवर हत्याराचा नंबर, मॅगझिनची संख्या आणि काडतुसांचा आकडा लिहून घ्या, तिथेच वाचून बघा. परत मिळाल्यावर आधी तेल पुसा. चेंबरमध्ये तेल राहिले तर फायर होताना पुंगळी भिंतीला धरत नाही आणि सगळा दाब स्लाइडवर येतो. मग पुन्हा एकदा रेंज गाठा, आणि त्यानंतरच रोकडीच्या फेरीला बरोबर न्या.