पेट्रोल पाइपचा रिकॉल: डीलर म्हणतो "पुढच्या सर्व्हिसला एकत्रच करू". थांबावं का?

मालाडकर_७७

कंपनीचा रिकॉलचा, म्हणजे दोष दूर करायला गाडी परत बोलावल्याचा, एसएमएस आलाय. इंजिनजवळच्या फ्युएल होजमध्ये (पेट्रोलच्या रबरी पाइपमध्ये) दोष असू शकतो, अधिकृत वर्कशॉपमध्ये मोफत तपासणी आणि गरज पडल्यास बदल, असा मजकूर. गाडी २०२१ ची, १.२ पेट्रोल, कंपनी-फिटेड सीएनजी, पासिंग एमएच ४७. अंधेरीच्या वर्कशॉपमधून उत्तर मिळालं: "पार्ट आलेला नाही. पुढच्या महिन्यात सर्व्हिस ड्यू आहे ना, तेव्हा एकत्रच करून टाकू." गळती दिसत नाही, वास येत नाही.

तोपर्यंत गाडी चालवायची का? बहुतेक वेळ सीएनजीवरच चालते, त्याने धोका कमी होतो का? सोसायटीत स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या) आहे, माझी गाडी वरच्या प्लॅटफॉर्मवर असते. आणि डीलर या कामात नेमकं करतो काय, म्हणजे काम झालं की नाही हे आपल्याला कसं कळणार?

क्लेम_डेस्क

आधी डीलरच्या बाजूने चित्र बघा, मग त्याच्या उत्तराचा अर्थ लागेल. रिकॉलचं बिल कंपनी भरते: पार्टची किंमत, वर थोडं हँडलिंग, आणि लेबर ठरलेल्या वेळेनुसार. मेकॅनिकला दीड तास लागला तरी कंपनीच्या बुलेटिनमध्ये (वर्कशॉपला दिलेल्या सूचनापत्रात) पाऊण तास लिहिला असेल तर पाऊण तासाचेच पैसे. त्यामुळे शनिवारी सकाळी बे (गाडी लावून काम करायची जागा) रिकामा असला तर तो पेड सर्व्हिसच्या गाडीला जातो. "एकत्रच करू" यामागे हा हिशोब असतो. शिवाय एकत्र केलं की थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन हेही त्याच एस्टिमेटमध्ये सरकवता येतं.

पार्ट नसतो हे मात्र बऱ्याचदा खरं असतं. सुरुवातीला किट लॉटने येतात आणि काही कंपन्यांत चेसिस नंबर टाकून मागणी केल्याशिवाय पार्ट सुटतच नाही. म्हणून "आला की कळवतो" यावर फोन ठेवू नका. चेसिस नंबर द्या, "माझ्या गाडीवर ऑर्डर टाका आणि ऑर्डर नंबर मेसेज करा" म्हणा. ऑर्डर नंबर मिळाला नाही, तर ऑर्डर टाकलेलीच नाही असं धरून चाला.

रिकॉल कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये होतो, गाडी विकणाऱ्या डीलरकडेच जायला हवं असं नाही. अंधेरी-गोरेगाव पट्ट्यात गर्दी असेल तर ठाणे, वाशी, पनवेलला फोन लावा. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही, तेवढं तरी कारण उरलेलं नाही.

जॉब कार्ड वेगळं काढायला लावा. पेड सर्व्हिसच्या कार्डात शेवटी एक ओळ "रिकॉल चेक" अशी येते आणि गर्दीच्या दिवशी तीच ओळ नुसत्या टिकमार्कवर निघते. वेगळ्या कार्डावर तीन गोष्टी हव्यात: कॅम्पेन कोड (त्या रिकॉलचा क्रमांक), बसवलेल्या किटचा पार्ट नंबर, आणि रक्कम शून्य. क्लिप, क्लॅम्प, कन्झ्युमेबल्स, वॉशिंग यांपैकी कशाचेही पैसे लागत नाहीत. जुना पाइप घरी नेऊ देणार नाहीत, कारण क्लेमसाठी (डीलर कंपनीकडे पैसे मागतो त्यासाठी) कंपनी तो परत मागवते, पण बघायला आणि फोटो काढायला नाही म्हणण्याचं कारण नाही.

एसएमएसमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. कंपनीची साइट स्वतः उघडून १७ अक्षरी चेसिस नंबर टाका. तो आरसीवर असतो, गाडीवर बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पुढच्या सीटखालच्या पत्र्यावर. सियाम या वाहन कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावरही कंपन्यांच्या रिकॉलची माहिती मिळते.

वर्कशॉप_फ्लोअर

तांत्रिक बाजू लिहितो.

इंजिनजवळचा होज हा प्रकार नवा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये मारुतीने १ लिटर वॅगन-आरच्या ४०,६१८ गाड्या तपासायला बोलावल्या होत्या. कारण एवढंच, की फ्युएल होज धातूच्या क्लॅम्पला घासण्याची शक्यता होती. होज हलतो, क्लॅम्पची कड एकाच जागी लागत राहते. आधी वरचं रबर जातं, मग आतलं दोऱ्याचं विणकाम दिसू लागतं, शेवटी आतली नळी. बाहेरून बघितलं तर बराच काळ फक्त एक चकचकीत पट्टा दिसतो.

साध्या पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल सिलिंडरच्या आधी, हवेच्या वाटेत सोडणाऱ्या) गाडीत या लाइनला साधारण ३ ते ४ बार दाब असतो. टाकीच्या आतला पंप तो तयार करतो. एवढ्या दाबावर बारीक चीर पडली तर पेट्रोल थेंबाथेंबाने पडत नाही, फवारा उडतो, आणि गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जवळच असतो. म्हणून "गळती दिसत नाही" याला अर्धाच अर्थ आहे. बोनेटखाली उडालेलं पेट्रोल तिथेच वाफ होऊन जातं, खाली डाग पडतोच असं नाही.

आता सीएनजीचा गैरसमज. गॅसवर चालवली म्हणून पेट्रोलची लाइन कोरडी होत नाही. बहुतेक गाड्या स्टार्ट पेट्रोलवर होतात आणि नंतर गॅसवर जातात, लाइनमध्ये दाब तसाच उरतो. टाकीत पेट्रोल कमी ठेवून काही मिळत नाही हेही त्याचमुळे: पाच लिटर असो की तीस, पंप दाब तेवढाच देतो.

वर्कशॉपमध्ये काय व्हायला हवं ते क्रमाने सांगतो, काचेतून बघता येईल. इंजिन थंड. फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून गाडी स्टार्ट करायची, ती आपोआप बंद पडू द्यायची, मग दोन-तीन सेकंद नुसता सेल्फ. याने लाइनमधला दाब उतरतो. हे न करता कनेक्टर (होजचा जोड) ओढला तर पेट्रोल थेट तोंडावर. मग बॅटरीची निगेटिव्ह, टाकीचं झाकण सैल, कनेक्टरखाली कापड, आणि हाताशी अग्निशामक सिलिंडर. जुना होज निघाला की दोन्ही उघड्या तोंडांना बूच. हे बूच बरेच जण लावत नाहीत, धूळ इंजेक्टरपर्यंत जाते आणि आठवड्याने गाडी मिसिंग करते, म्हणजे अडखळत चालते.

नवा होज लावताना ओ-रिंगला स्वच्छ तेलाचा थेंब, म्हणजे ती आत जाताना कापली जात नाही. जुनी ओ-रिंग सॉकेटमध्येच चिकटून राहिलेली नाही ना, हे टॉर्चने बघायचं. क्विक कनेक्टर "टक" आवाज येईपर्यंत ढकलायचा आणि मग मागे ओढून खात्री करायची. सगळ्यात जास्त परत येणाऱ्या गाड्या याच कारणाने येतात. अर्धवट बसलेला कनेक्टर आयडलिंगला कोरडा दिसतो आणि घोडबंदरचा चढ चढताना सुटतो. क्लॅम्प नवाच, जुना स्प्रिंग क्लॅम्प ताण सोडलेला असतो. आणि होज पीळ न पडता, बुलेटिनमधल्या चित्राप्रमाणे धातूच्या कडेपासून लांब गेला पाहिजे. नवा होज जुन्याच वळणाने बसवला तर दोषही पुन्हा बसवला.

टेस्ट: इंजिन चालू न करता इग्निशन ऑन, दोन-तीन सेकंद थांबून ऑफ, असं तीन-चार वेळा. दर वेळी पंप लाइन भरतो. जोडावर कोरडा टिश्यू फिरवायचा. मग रेडिएटरचा फॅन सुरू होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं, दोन-चार वेळा रेस, बंद, आणि पुन्हा टिश्यू. ही शेवटची तपासणी होत नाही, कारण गरम इंजिनजवळ कोणाला हात घालायचा नसतो. तुम्ही उभे राहून मागून घ्या.

कुर्ला_डेपो

एक वाद हमखास निघतो: "साहेब, हा उंदराने कुरतडलाय, रिकॉलमध्ये बसत नाही." मुंबईत उंदीर होज खातात हे खरंच आहे, पण खूण वेगळी असते. उंदराचा दात असेल तर शेजारी-शेजारी दोन बारीक खाचा दिसतात, कडा खरखरीत असतात, आणि खालच्या ट्रेवर रबराचा चुरा किंवा लेंड्या सापडतात. घासलेलं असेल तर क्लॅम्पच्या बरोबर समोर एकच गुळगुळीत, सपाट खोबण. फोटो काढा, टॉर्च तिरका धरून, म्हणजे खोली दिसते. आणि समजा खरंच उंदीर निघाला, तरी तुमचा चेसिस नंबर यादीत असेल तर रिकॉलचं काम थांबवता येत नाही. फार तर कुरतडलेल्या इतर वायरिंगचं बिल वेगळं होईल.

मालाडकर_७७

खूप उपयोगी. पार्किंगचं कोणी सांगेल का? आणि पार्ट यायला महिना लागला तर तोवर काय?

वर्कशॉप_फ्लोअर

पार्ट यायच्या आधी तपासणी तरी करून घ्या, तिला पार्ट लागत नाही. दहा मिनिटांचं काम आहे. होज घासलेला दिसला तर गाडी तिथेच ठेवायची, चालवत आणायची नाही, टो किंवा फ्लॅटबेड कंपनीकडून मागायचा. घासलेला नसेल आणि मेसेजमध्ये "चालवू नका" असं नसेल, तर पार्ट येईपर्यंत गरजेपुरती चालवणं बहुतेकांना भाग असतं. पण रोज सकाळी बोनेट उघडून वास घ्या, चावी ऑन करताच लगेच, कारण दाब तेव्हाच चढतो. वास आला की स्टार्ट करू नका.

स्टॅक पार्किंगमध्ये वरची जागा सध्या सोडा. गळालं तर खालच्या गाडीच्या गरम बोनेटवर पडणार. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, म्हणून बेसमेंट त्याहून वाईट. सोसायटीला लेखी कळवून महिनाभरासाठी उघड्यावरची पाहुण्यांची जागा मागा. वॉचमनलाही सांगून ठेवा: वास आला तर पार्किंगच्या लिफ्टची मोटर चालवायची नाही, आधी फोन, आणि धूर दिसला तर थेट १०१.

ग्राहक_बाजू

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-ए आलं, रिकॉलचा आदेश सरकार देऊ शकतं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. ७ वर्षांच्या आतल्या गाड्यांना ते लागतात, सक्तीच्या रिकॉलमध्ये कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्याआधी सगळं सियामच्या २०१२ च्या स्वेच्छा संहितेवर चालायचं. दोषाची तक्रार सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नोंदवता येते.

डीलर टोलवत असेल तर थेट तिथे जाऊ नका, आधी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल: चेसिस नंबर, डीलरचं शहर, फोन केल्याची तारीख, मिळालेलं उत्तर. फोनवरची तक्रार डीलरकडेच परत पाठवली जाते, ईमेलला तिकीट नंबर पडतो. त्यातून हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. नुकसानच झालं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये प्रॉडक्ट लायबिलिटी (सदोष वस्तूने झालेल्या नुकसानीची जबाबदारी) आहे, निर्मात्याबरोबर विक्रेता आणि सेवा देणाराही त्यात येऊ शकतो. मुदत दोन वर्षं. तेव्हा तुमच्याकडचा पुरावा म्हणजे हाच ईमेल आणि ते शून्य रकमेचं जॉब कार्ड.

टाकी_अर्धी

दोन किरकोळ गोष्टी. तुमचा होज बोनेटखालचा आहे म्हणून तासाभरात होईल. ज्यांच्या रिकॉलमध्ये टाकीवरचा पाइप आहे त्यांनी आधी विचारावं की टाकी उतरवणार का. उतरवणार असतील तर पाव टाकीपेक्षा कमी पेट्रोल घेऊन जा. ४० लिटर पेट्रोल म्हणजे जवळजवळ ३० किलो, भरलेली टाकी बघून गाडी परत पाठवतात.

पंपाचा रिकॉल आणि पाइपचा रिकॉल यांत गल्लत नको. होंडाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ९०,४६८ गाड्यांचे पंप बदलण्याचं जाहीर केलं, तिथे प्रश्न पंपाच्या इम्पेलरचा (आतल्या फिरत्या चक्राचा) होता, इंजिन बंद पडण्याचा धोका. त्यात वास येत नाही, त्यामुळे वास न येणं हा तिथे दिलासा नाही.

क्लेम_डेस्क

सेकंडहँड घेतलेल्यांसाठी: एसएमएस पहिल्या मालकाच्या नंबरवर जातो. आरसी नावावर झाली तरी कंपनीच्या सिस्टिममध्ये जुनाच नंबर राहतो, तो वर्कशॉपमध्ये सांगून बदलावा लागतो. शोरूममधून नवी गाडी घेतानाही डिलिव्हरीच्या दिवशी चेसिस नंबर तपासा, यार्डात उभ्या गाड्यांचं काम डीलरने विकण्याआधी करायचं असतं आणि महिनाअखेरीच्या घाईत एखादी सुटते.

काम झाल्यावर कंपनीच्या साइटवर पुन्हा नंबर टाका. "ओपन" हे लगेच जात नाही, डीलरने क्लेम टाकून कंपनीने घेतल्यावर जातं, आठवडा लागू शकतो. तेवढ्यात आणखी एक-दोन एसएमएस येतील, ते सोडून द्या. पंधरा दिवसांनीही "ओपन" दिसत असेल तर जॉब कार्डाचा फोटो घेऊन सर्व्हिस मॅनेजरकडे जा, अ‍ॅडव्हायजरकडे नाही. क्लेम रिजेक्ट झाला असेल तर कारण त्याच्या स्क्रीनवर दिसतं, बहुतेक वेळा चुकीचा पार्ट नंबर.

मालाडकर_७७

वाशीला फोन केला. किट आहे, चेसिस नंबर घेतला, गुरुवारी सकाळी नऊची वेळ दिली. वेगळं जॉब कार्ड मागितलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "रिकॉलचं वेगळंच निघतं, साहेब."

क्लेम_डेस्क

मग चांगला डीलर आहे. तरी टिश्यू खिशात ठेवा.