खिशातला चाकू: पोलाद महागाचं की धार आपल्या हातची?

मोसंबीवाला (अंबड)
काल इथं एकानं लिहिलं, "रोज खिशात ठेवायचा तर डी-२ या कडक पोलादाचाच घ्या, तीन-चार हजार गेले तर जाऊ द्या. गावच्या लोहाराकडचा चाकू म्हणजे पत्रा." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

अकरा वर्षं माझ्या खिशात एकच चाकू आहे. ट्रकच्या कमानपाट्यातून काढलेलं तीन इंची पातं, बाभळीची मूठ, घडीचा. सकाळी खताच्या गोणीची शिवण, मग ठिबकची १६ मिमी लॅटरल नळी, मध्येच सुतळी, दुपारी भाकरीसंगं कांदा. धार उतरली की विहिरीच्या काठावरच्या दगडावर दहा-बारा हात मारायचे, झालं काम. डी-२ मध्ये कार्बन दीड टक्का आणि क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास. त्यातले कार्बाइडचे कण इतके कडक की साध्या दगडाला दाद देत नाहीत, डायमंडची पट्टी लागते. ती घेऊन बांधावर कोण हिंडतंय? जी धार शेतकऱ्याला स्वतः लावता येत नाही ती त्याच्या काय कामाची?

पोलादवेडा (संभाजीनगर)
ते मीच लिहिलं होतं आणि "पत्रा" शब्द मागे घेत नाही. आठवडी बाजारातून तीन चाकू घेतलेत मी. एकाची धार दोन गोण्या फाडल्या की मुडपली, दुसऱ्याचं टोक फळी उचकटताना काडीसारखं मोडलं. तिसरा बरा निघाला, म्हणजे सगळा नशिबाचा खेळ. लोहारानं पाणी नीट दिलंय का, म्हणजे पातं तापवून, विझवून कडक केलंय का, हे विकत घेताना कसं ओळखायचं? तुम्हाला अकरा वर्षांपूर्वी चांगला कारागीर भेटला, म्हणून सगळ्यांचा माल चांगला होत नाही. आणि डी-२ ला धार लावायची वेळच किती वेळा येते?

लातूरकर
पाण्याचं सोडा हो, दिलेलं पाणी घालवणारेच लई झालेत. आमच्या बाजारात एकानं माझा चाकू मशीनच्या चाकावर असा दाबून धरला की टोकाला निळा रंग चढला. पोलाद निळं पडलं म्हणजे तिथलं पाणी उतरलं. घरी आणून बघतो तर टोक नखानं वाकूलालंय. तेव्हापासून दुसऱ्याच्या हातात चाकू देत नाही. मोसंबीवाल्यांचं बरोबर आहे, दगडच बरा.

दवाखान्यातून
पोलादावर एवढं भांडताय, लॉकचं कुणीच बोलत नाही. माझ्या भावानं बिनलॉकच्या चाकूनं डब्याच्या झाकणाला भोक पाडायला जोर दिला. पातं उलटं मिटलं ते थेट तर्जनीवर. शीर तुटली, चार टाके पडले, ते बोट अजून पूर्ण वाकत नाही. ओपिनेल या फ्रेंच घडीच्या चाकूला पातं अडवायला फिरवून बसवायची कडी असते, १९५५ पासून. दोन सेकंदांचं काम आहे. मोसंबीवाले, तुमच्या चाकूला लॉक आहे का?

मोसंबीवाला (अंबड)
नाही. भोकं पाडायला मी आरी वापरतो. वाईट वाटलं वाचून, पण टोचायचं काम घडीच्या चाकूचं नाहीच.

दवाखान्यातून
हे माझा भाऊपण म्हणायचा.

गोदाकाठ
कायद्याचं सांगतो. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्र नियमांच्या यादीत येतं, आणि घरगुती किंवा शेतीकामासाठी बनवलेलं त्यातून वगळलंय. तीन इंचाला घाबरायचं कारण नाही. पण सण-निवडणुकीच्या काळात मुंबई पोलीस अधिनियम १९५१, आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम, त्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. मला तालुक्याच्या ठिकाणी दोन तास बसवून ठेवलं होतं, खिशात फक्त कलम बांधायचा चाकू! अशा दिवसांत घरी ठेवा आणि बटण दाबलं की उघडणारा खटक्याचा तर कधीच घेऊ नका.

परभणीची लेक
गंजाचं काय? मोसंबीच्या रसानं साधं पोलाद काळं पडतं.

मोसंबीवाला (अंबड)
काळं पडतं, गंजत नाही. पुसायचं आणि करडईचं तेल लावायचं. माझी आजी विळ्याला तेच लावायची.

परभणीची लेक
इथं चुकताय तुम्ही. करडईचं तेल वाळणारं आहे, जवसासारखं. हवा लागली की त्याचा चिकट थर धरतो, म्हणून तर ते रंगात वापरतात. विळ्याला चालतं, कारण तो रोज घासला जातो. घडीच्या चाकूचं पातं ज्या खिळीवर फिरतं, तिच्यात तेच तेल गेलं की पातं जाम.

मोसंबीवाला (अंबड)
आमच्या सात पिढ्यांनी करडई खाल्ली, लावली, दिव्याला जाळली. आता तिच्यात खोट काढायची राहिली होती!

गोदाकाठ
करडई राहिलीय कुठं? रब्बीला ज्वारीच्या कडेनं पाटा धरायचे, काट्यामुळं जनावर आत शिरत नव्हतं. आता सगळं शिवार सोयाबीनचं, आणि घाण्याच्या तेलाला शहरातले लोक रांगा लावतात.

लातूरकर
काढायला माणूस मिळंना म्हणून गेली. हाताला फडकी गुंडाळून काढावी लागायची. आई संध्याकाळी दिव्यापुढं बसून बोटातले काटे काढायची, ते मी बघितलंय. आठवणी सांगणाऱ्यांनी एक एकर काढून दाखवावी.

गोदाकाठ
आता हार्वेस्टरनं निघते. विद्यापीठाचा "परभणी कुसुम" वाण आहे. पेरायचंच नाही, त्याला कारणं शंभर.

लातूरकर
दोन एकरात हार्वेस्टर येतो का? बोलावून बघा एकदा, मग शिकवा.

पोलादवेडा (संभाजीनगर)
धागा चाकूचा आहे.

परभणीची लेक
मी करडईला वाईट म्हटलं नाही, माझ्या घरी भाजी त्याच तेलात होते. एवढंच सांगितलं की खिळीत घालू नका. उघडून बघा, मग बोला.

मोसंबीवाला (अंबड)
बघितलं. रात्री चाकू डिझेलमध्ये बुडवून ठेवला, सकाळी खिळीतून काडीनं तपकिरी, गुळाच्या पाकासारखा गोळा निघाला. मला वाटायचं मूठ फुगलीय, म्हणून पातं जड उघडतं. आता एका अंगठ्यानं उघडतंय. ताई, तेलाचं मान्य. पोलादाचं नाही.

परभणीची लेक
शिलाई मशीनचं तेल, दोन थेंब. खोबरेल नको, थंडीत थिजतं.

पोलादवेडा (संभाजीनगर)
तुमचा लोहार अजून काम करतो का? माझ्यासमोर पाणी देत असेल तर एक घेईन. डी-२ घरीच राहील.

मोसंबीवाला (अंबड)
करतो. शुक्रवारी बाजारात बसतो, उन्हाच्या आत या. तुमचा तो परदेशीपण घेऊन या, माझ्या दगडावर बघू.

दवाखान्यातून
लोहाराला लॉकची कडी बसवायलाही सांगा.