अनुभव धागा : नमाज आणि दुआ – मागावं कसं, चुकतं कुठे

मुसल्ला (धागाकर्ता)

पैगंबर (स.) यांनी एकदा सांगितलं की दुआ हीच इबादत (उपासना) आहे, आणि लगेच ‘मला हाक मारा, मी तुम्हाला प्रतिसाद देईन’ ही कुरआनातली आयत (वचन, ४०:६०) पढली. हात पसरणारा दोन गोष्टी एकदमच कबूल करतो: आपण गरजवंत आहोत आणि देणारा एक आहे. बंदगीचा गाभा तोच. तरीही पुष्कळांची नमाज एकीकडे चालते आणि दुआ दुसरीकडे. नमाज ‘उरकायची’ असते, सलाम फेरला (शेवटी मान वळवून नमाज संपवली) की घाईघाईने हात वर जातात, तोंडावरून फिरतात आणि चपला शोधायला सुरुवात होते.

ज्यांनी इमामत केली आहे (पुढे उभं राहून नमाज पढवली आहे), मकतबात (मुलांच्या धर्मशाळेत) किंवा घरी मुलांना नमाज शिकवली आहे, त्यांनी इथे लिहावं. आपबीती नको. नेमकं काय करायचं, काय चुकतं आणि का, ते हवं. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई, देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात बहुतेक हनफी, तेव्हा नियम कोणत्या मजहबाचा (धर्मनियमांच्या परंपरेचा) तेही सांगावं. वाद घालायला दुसरे धागे आहेत.

मिंबर

सुरुवात फातिहापासून (कुरआनातल्या पहिल्या सूरेपासून) करतो, कारण नमाजेतली मुख्य दुआ तीच. दिवसाच्या फर्ज (अनिवार्य) रकाती (नमाजेची आवर्तनं) १७: फजर (पहाट) २, जुहर (दुपार) ४, असर (उतरती दुपार) ४, मगरिब (सूर्यास्त) ३, इशा (रात्र) ४. प्रत्येक रकातीत फातिहा आहे. सहीह मुस्लिम या हदीसांच्या (पैगंबरांच्या वचनांच्या) संग्रहातल्या हदीसे कुदसीत, म्हणजे पैगंबरांनी अल्लाहचं म्हणणं सांगितलेल्या हदीसमध्ये, अल्लाह म्हणतो की ही नमाज मी माझ्यात आणि माझ्या बंद्यात अर्धी-अर्धी वाटली आहे. बंदा ‘अल्हम्दु लिल्लाहि रब्बिल आलमीन’ म्हणतो तेव्हा जबाब येतो, बंद्याने माझी स्तुती केली. ‘इय्याक नअ्बुदु व इय्याक नस्तईन’ (तुझीच इबादत करतो, तुझ्याकडेच मदत मागतो) म्हणतो तेव्हा जबाब येतो, हे माझ्या आणि बंद्याच्या मधलं आहे, आणि त्याने मागितलं ते त्याला मिळेल. मग ‘इहदिनस्सिरातल मुस्तकीम’पासून (आम्हाला सरळ वाट दाखव) मागणी सुरू होते.

आयतीमागून आयतीला जबाब येतो आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो सातही आयती एका दमात ओढत नाही. प्रत्येक आयतीवर श्वास घेतो. मुलांना शिकवताना मी हाच क्रम सुचवेन: आधी फातिहाचा अर्थ, मग रुकू (कंबरेतून वाकणं) आणि सजद्याच्या (कपाळ टेकण्याच्या) तस्बीहचा, म्हणजे स्तुतिवचनाचा, मग अत्तहियातचा (बैठकीत पढतात तो पाठ), आणि त्यानंतर छोट्या सूरा. उलट क्रमाने शिकवलं तर मुलाला दहा सूरा पाठ होतात, पण रोज १७ वेळा आपण काय मागतो हे त्याला मोठेपणीही सांगता येत नाही.

जमातीत (एकत्र नमाजेत) हनफी मुक्तदी (इमामामागे पढणारा) फातिहा स्वतः पढत नाही, इमामाची ऐकतो. शाफई मुक्तदी स्वतःही पढतो, आणि ‘बिस्मिल्लाह’ ही त्याच्या मते फातिहाचीच आयत आहे. ऐकणाऱ्यानेही अर्थासकट ऐकावं. ‘आमीन’ ही त्या मागणीवरची त्याची सही आहे, मग ती शाफईंसारखी मोठ्याने असो की हनफींसारखी हळू.

खाडीकाठ

नमाज सर्वांत जास्त कुठे बिघडते? रुकूनंतर उभं राहण्यात आणि दोन सजद्यांच्या मधल्या बसण्यात. पाठ अर्धवट सरळ होते न होते तोच माणूस खाली जातो. पैगंबर (स.) यांनी अशीच घाईची नमाज पढणाऱ्याला परत पाठवलं, तेही पुन्हा पुन्हा: जा, पुन्हा पढ, तू नमाज पढलाच नाहीस. शेवटी त्याने शिकवायची विनंती केली तेव्हा त्याला सांगितलं की रुकूत स्थिर हो, मग सरळ उभा राहा, सजद्यात स्थिर हो, मग नीट बैस.

ही स्थिरता, म्हणजे इत्मीनान, शाफई मजहबात रुकन (नमाजेचा आधारस्तंभ) आहे. ती नसेल तर ती रकातच धरली जात नाही. हनफींकडे ती वाजिब (आवश्यक, पण रुकनच्या खालची): विसरून राहिली तर सजदा सहू (चूक भरून काढणारे जादा सजदे), जाणूनबुजून सोडली तर नमाज दोहरवायची. कमीत कमी किती? एकदा ‘सुब्हानल्लाह’ म्हणण्याइतका वेळ सगळे सांधे आपापल्या जागी थांबलेले असावेत.

सजदा सात हाडांवर: कपाळ (त्याबरोबर नाक), दोन तळवे, दोन गुडघे, दोन्ही पायांची बोटं. नेहमीच्या चुका या. पायांची बोटं जमिनीवरून उचललेली राहतात. ती टेकलेली आणि किबल्याकडे (मक्केतल्या काबाच्या दिशेला) वळलेली हवीत. पुरुषांची कोपरं जमिनीवर पसरतात. टोपी कपाळावर उतरते. शाफईंत कपाळाचा थोडा तरी भाग उघडा टेकावा लागतो, हनफींत टोपीवरचा सजदा होतो पण मकरूह (नापसंत). जाड फोमच्या जानमाजीवर (नमाजेच्या चटईवर) कपाळ नुसतं टेकवून भागत नाही, खाली घट्टपणा लागेपर्यंत दाबावं लागतं. ज्यांना सजदा जमतच नाही त्यांनी खुर्चीवर इशाऱ्याने पढताना सजद्यासाठी रुकूपेक्षा जास्त वाकावं. उशी उचलून कपाळाला लावू नये.

एवढा बारकावा कशासाठी? बंदा आपल्या रबच्या सर्वांत जवळ सजद्यात असतो, म्हणून त्यात भरपूर दुआ करा, अशी हदीस आहे. चेहरा हा माणसाच्या मानाचा भाग, तोच जमिनीला लागतो आणि त्याच क्षणी जीभ ‘सुब्हान रब्बियल आला’, माझा सर्वांत उंच रब पाक आहे, म्हणते. या जागी तीन सेकंदांत डोकं वर उचलणं म्हणजे दारापर्यंत जाऊन न मागता परतणं.

दोन सजद्यांच्या मध्येही दुआ आहे, ती बऱ्याच जणांना शिकवलेलीच नसते. ‘अल्लाहुम्मग्फिरली, वर्हम्नी, वज्बुर्नी, वह्दिनी, वर्जुक्नी’: मला माफ कर, रहम कर, माझी मोडतोड सांध, वाट दाखव, रोजी दे. ही पढायची सवय लागली की बसणं आपोआप पुरेसं होतं.

जिज्ञासू

सजद्यात मराठीतून मागितलं तर चालतं का? घरातल्या वयस्कर बायकांना अरबी फारसं येत नाही.

मिंबर

जिज्ञासूताई, नमाजेच्या आत नको. हनफींकडे नमाजेत अरबीशिवाय दुआ मकरूह आहे, आणि जे माणसाकडेही मागता येतं ते (अमक्याशी माझं लग्न होऊ दे, अशा धर्तीचं) अरबीत मागितलं तरी नमाज तुटते. शाफईंतही नमाजेत स्वतःच्या मनाने रचलेली गैरअरबी दुआ नमाज तोडते. म्हणून एकच लहान, सगळं व्यापणारी दुआ पाठ करवून घ्यावी: ‘रब्बना आतिना फिद्दुन्या हसनतंव व फिल आखिरति हसनतंव व किना अजाबन्नार’ (२:२०१: रब, आम्हाला दुनियेत भलं दे, परलोकातही भलं दे आणि आगीच्या अजाबापासून वाचव). आपली गरज मनात धरून शेवटच्या बैठकीत, दरूदनंतर (पैगंबरांसाठीच्या दुआनंतर) सलामच्या आधी, ती पढावी.

सलाम फेरल्यावर मात्र मराठी, कोकणी, दखनी, ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेत मागावं. न समजणारी लांबलचक अरबी दुआ तालात म्हणून टाकण्यापेक्षा मायबोलीतली चार वाक्यं कधीही चांगली. गाफील, बेफिकीर दिलाची दुआ कबूल होत नाही, असं तिर्मिजी या हदीससंग्रहातल्या एका रिवायतीत (कथनात) आहे.

पहाट

दिल हाजिर ठेवण्यावर इमाम गजाली (१०५८–११११) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये सविस्तर लिहिलं आहे. नमाजेचा जीव सहा गोष्टींत आहे असं ते म्हणतात: दिलाची हजेरी, अर्थाची समज, ताजीम (आदर), धाक, आशा आणि लाज. उपाय सांगताना ते विचार दाबायला सांगत नाहीत, त्यांची मुळं छाटायला सांगतात. कामाची बाब अशी की यातली अर्धी तयारी तकबीरच्या (‘अल्लाहु अकबर’ म्हणून नमाज सुरू करण्याच्या) आधीच होते.

जेवण वाढलेलं असेल तर आधी जेवावं, लघवी-शौचाची घाई दाबून उभं राहू नये. दोन्ही हदीसमध्ये आहे. पैगंबर (स.) यांनी नक्षीची चादर लक्ष वेधते म्हणून परत पाठवली होती. तेव्हा भरगच्च चित्रांची जानमाज घेण्यापेक्षा साधी घ्यावी, समोर चालू टीव्ही किंवा आरसा नसावा, फोन थरथराटावर न ठेवता बंदच करावा. वजू (नमाजेआधी हात, तोंड, पाय धुणं) सावकाश करावा. उभं राहताना नजर सजद्याच्या जागेवर ठेवावी.

तरीही मन भटकतं, आणि भटकलं म्हणून नमाज सोडायची नसते. लक्षात आलं त्या आयतीपासून परत यायचं. अबू दाऊद या हदीससंग्रहात आहे की माणूस नमाज संपवतो आणि कोणाच्या खात्यावर तिचा दहावा हिस्सा लिहिला जातो, कोणाच्या नववा, आठवा, असं करत अर्ध्यापर्यंत. मला या हदीसमध्ये धाकापेक्षा धीर जास्त दिसतो, कारण उद्याची नमाज आजच्यापेक्षा एका हिश्शाने वाढवणं कोणालाही जमण्यासारखं आहे.

वेशीपाशी

दुआची रीत थोडक्यात. वजू असला तर उत्तम, तोंड किबल्याकडे, हात छातीच्या उंचीला, तळवे वर. आधी अल्लाहची हम्द (स्तुती), मग दरूद, मग आपल्या गुनाहांची माफी, मग मागणी, शेवटी पुन्हा दरूद आणि आमीन. हम्द आणि दरूद सोडून थेट मागायला लागलेल्या एकाबद्दल पैगंबर (स.) म्हणाले होते की याने घाई केली. ‘तुला वाटलं तर दे’ असं मागू नये, ठामपणे मागावं. दुसऱ्यासाठी त्याच्या पाठीमागे केलेल्या दुआवर फरिश्ता म्हणतो, तुलाही तेच मिळो.

वेळा: बांग (अजान) आणि इकामत (जमात उभी राहताना दिली जाणारी हाक) यांच्या मध्ये (मशिदीत ही दहा-पंधरा मिनिटं बहुतेक गप्पांत जातात), जुम्याच्या (शुक्रवारच्या) दिवशी असरनंतरची शेवटची घटका, रोजा सोडण्याआधी, पाऊस पडताना, सफरीत, आणि रात्रीचा शेवटचा तिसरा हिस्सा. तो हिस्सा काढायला लोक मध्यरात्रीपासून मोजतात, ते चूक. मगरिबपासून फजरपर्यंतचा वेळ घ्यावा. मगरिब ६:३० आणि फजर ५:०० असेल तर रात्र साडेदहा तासांची, तिसरा हिस्सा साडेतीन तासांचा, म्हणजे १:३० पासून. फजरच्या बांगेआधी वीस मिनिटं उठलं तरी माणूस त्या वेळेतच असतो.

सायली_क

मी मुसलमान नाही, वाचते आहे. इतकं सगळं करूनही मागितलेलं मिळत नाही, तेव्हा काय समजतात?

खाडीकाठ

सायलीताई, हा प्रश्न प्रत्येक घरात असतो. मुसनद अहमदमधली हदीस सांगते की ज्या दुआत गुनाह नाही किंवा नातं तोडणं नाही, तिला तीनपैकी एक मिळतंच: मागितलं ते इथेच लवकर, किंवा आखिरतसाठी (परलोकासाठी) शिल्लक, किंवा तेवढंच एखादं संकट टळतं. सहाबा (पैगंबरांचे साथी) म्हणाले, मग आम्ही खूप मागू. पैगंबर (स.) म्हणाले, अल्लाहकडे त्याहून जास्त आहे.

दुआ अडवणाऱ्या गोष्टीही सांगितल्या आहेत. पहिली उतावीळ: ‘मागितलं, मागितलं, मिळालं नाही’ म्हणत माणूस मागणंच सोडतो, तिथे तुटतं. दुसरी कमाई. सहीह मुस्लिममध्ये लांबच्या सफरीतला, केस विस्कटलेला, धुळीने माखलेला माणूस आहे; तो आभाळाकडे हात उचलून ‘या रब, या रब’ म्हणतो, पण त्याचं खाणं हराम, पिणं हराम, कपडा हराम, मग त्याची दुआ कशी कबूल व्हावी? वर वेशीपाशी यांनी सांगितलेलं बरंचसं या माणसात आहे: सफर, आजिजी, उचललेले हात. तरी अडलं ते ताटात. बुडवलेली मजुरी, बहिणीचा न दिलेला वारसा, मापातली चोरी यांचा हिशेब न करता वजीफ्यांची (नेमाने मोजून पढायच्या पाठांची) संख्या वाढवणाऱ्यांनी ही हदीस रोज पढावी.

जिज्ञासू

मासिक पाळीत?

पहाट

नमाज माफ, तिची कजाही (नंतरची भरपाई) नाही. दुआ, जिक्र (अल्लाहचं स्मरण), दरूद, इस्तिगफार (माफी मागणं) सगळं चालू ठेवता येतं. कुरआनातल्या दुआही तिलावतीच्या (कुरआनपठणाच्या) नियतीने न पढता दुआच्या नियतीने पढता येतात. बांगेच्या वेळी जानमाजीवर बसून तस्बीह पढावी (३३ सुब्हानल्लाह, ३३ अल्हम्दुलिल्लाह, ३४ अल्लाहु अकबर), म्हणजे वेळेची सवय मोडत नाही.

मिंबर

इस्तिखाऱ्याचा (निर्णयाआधी अल्लाहकडे भलं मागण्याचा) गोंधळ फार आहे म्हणून लिहितो. दोन रकात नफ्ल (ऐच्छिक नमाज), सलामनंतर सहाबी हजरत जाबिर यांनी रिवायत केलेली दुआ, आणि त्यात ‘हाजल अम्र’ (हे काम) येतं तिथे आपलं काम मनात आणायचं. फजरनंतर सूर्य वर येईपर्यंत, ऐन माध्यान्ही आणि असरनंतर मगरिबपर्यंत पढू नये. स्वप्न पडणं ही अट नाही. हिरवं-लाल दिसण्याची वाट बघत लोक महिनोन्महिने घालवतात. पैसे देऊन दुसऱ्याकडून ‘काढून घेणं’ तर मुळातच चुकीचं, कारण निर्णय ज्याचा, मागणंही त्याचंच. जाणकारांचा सल्ला घ्यावा, इस्तिखारा करावा आणि कामाला लागावं. दुआचा शेवट पाहा: भलं जिथे असेल तिथे ते माझ्या नशिबी कर आणि मला त्यावर राजी कर. राजी होणंसुद्धा मागूनच घ्यायचं आहे.

वेशीपाशी

पुण्या-सोलापूरकडची मंडळी कोकणात जातात तेव्हा फजरला गडबडतात. शाफई इमाम दुसऱ्या रकातीत रुकूनंतर उभा राहून हात उचलून कुनूत (उभ्याने करायची खास दुआ) पढतो. हनफी मुक्तदीने हात सोडून शांत उभं राहावं, सजद्यात जाऊ नये. हनफींची कुनूत वित्रच्या (इशानंतरच्या रात्रीच्या नमाजेच्या) तिसऱ्या रकातीत, रुकूआधी, वर्षभर. शाफईंची वित्रमधली कुनूत रमजानच्या दुसऱ्या पंधरवड्यात.

खाडीकाठ

पावसाच्या नमाजेचं कोणी लिहिलं नाही. आपल्याकडे पाऊस ओढ देतो तेव्हा ईदगाहवर ‘इस्तिस्का’ होते. इमाम अबू हनीफा यांच्या मते मूळ गोष्ट दुआ आणि इस्तिगफार, जमातीची नमाज सुन्नत नाही. त्यांचे शागिर्द अबू यूसुफ आणि मुहम्मद जमातीने दोन रकात पढायला सांगतात. शाफईंत ईदेसारखी, पहिल्या रकातीत ७ आणि दुसरीत ५ जादा तकबीर, मग खुतबा (प्रवचन). इमाम चादर उलटी करतो, हाल पालटावा म्हणून. दुआत हात नेहमीपेक्षा जास्त उंच आणि तळव्यांची पाठ आभाळाकडे.

लोकांच्या लक्षात राहते ती चादर. त्याआधीची तयारी मात्र राहून जाते: तीन दिवस रोजे, सदका (दान), भांडलेल्यांशी समेट, दाबलेले हक्क परत. साधे, जुने कपडे घालून, पायी, मान खाली घालून निघायचं. म्हातारे, मुलं, आणि शाफई किताबांप्रमाणे जनावरंही बरोबर न्यायची. ईदगाहची तारीख जाहीर करणाऱ्या कमिटीने ही यादी किमान चार दिवस आधी मशिदीच्या फळ्यावर लावावी, म्हणजे रोजे आणि देणी-घेणी दोन्ही उरकायला वेळ मिळतो.