पिवळा असूनही गाडी थांबत नाही, मग तो सिग्नल सांगतो तरी काय?

करवीर_प्रवासी
मिरज–कोल्हापूर लाइनवर हातकणंगले, रुकडी या बाजूला स्टेशनच्या बरंच अलीकडे रुळाकडेला एक सिग्नल असतो. कधी एक पिवळा, कधी दोन पिवळे, कधी हिरवा. तांबडा कधीच नाही. पिवळा असला तरी गाडी त्याच्यापाशी थांबत नाही. चौकातल्या पिवळ्यासारखं ‘हळू जा’ एवढंच असतं, की लोको पायलटला पुढचं नेमकं काही कळतं? खांबावर गोल पाटीत ‘पी’ लिहिलेलं असतं, ते कशाला? आणि दिवाच गेला तर? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

सांधेवाला
तो डिस्टंट सिग्नल. चौकातला पिवळा आधी डोक्यातून काढा. डिस्टंट स्वतःबद्दल काहीच बोलत नाही, पुढच्या होम सिग्नलची, म्हणजे स्टेशनात शिरण्याआधी जिथं तांबडा असल्यास थांबायचं असतं त्या सिग्नलची, खबर देतो.

एक पिवळा: होम तांबडा असू शकतो, तिथं थांबायच्या तयारीनं या.
दोन पिवळे: होम ओलांडता येईल, पण ठरलेल्या कमी वेगानं. गाडी लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या मुख्य लाइनशेजारच्या बाजूच्या लाइनवर, घ्यायची असेल तर हाच मिळतो. लूपवर वळताना सांध्याच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेच्या) प्रकाराप्रमाणे ताशी १५ किंवा ३० किलोमीटरची मर्यादा असते.
हिरवा: पुढं मोकळं आहे, आहे त्या वेगानं चला.

हे इतकं आधी का सांगायचं? रूळ आणि चाक दोन्ही पोलादी, घर्षण कमी. तांबडा डोळ्यांना दिसल्यावर ब्रेक लावला तर गाडी त्याच्या पुढं जाऊनच थांबेल. म्हणून ब्रॉडगेजवर डिस्टंट होमच्या किमान १ किलोमीटर अलीकडे असतो. जास्त वेगाच्या मार्गांवर दोन असतात, डिस्टंट २ किलोमीटरवर आणि इनर डिस्टंट १ किलोमीटरवर. मालगाडीला तर ही खबर फारच गरजेची. ब्रेक पाइपमध्ये ५ किलोचा दाब असतो, तो कमी केला की ब्रेक लागतात. पण पन्नास-साठ वाघिणींच्या शेपटापर्यंत तो दाब उतरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात गाडी बरंच अंतर कापते.

तांबडा नसतो, कारण डिस्टंटपाशी गाडी थांबवायचीच नसते. त्याची सगळ्यात कडक खूण म्हणजे एक पिवळा.

ऊसपट्टा
दोन पिवळे म्हणजे जास्त धोका असणार, असंच वाटत होतं. एकापेक्षा दोन जास्त ना?

सांधेवाला
बरेच जण तसंच समजतात. पण एक पिवळा कडक ठेवण्यात मोठं शहाणपण आहे. दोन पिवळ्यांतला एक दिवा गेला तर उरतो एक पिवळा, म्हणजे लोको पायलटला आधीपेक्षा कडक सूचना मिळते. गाडी फार तर उगाच हळू होईल. उलट ठेवलं असतं तर एक दिवा जाताच ‘थांबायची तयारी ठेव’चं ‘ये, पण जपून’ झालं असतं. सगळी सिग्नल यंत्रणा याच हिशेबानं बांधलेली असते. बिघाड झालाच तर तो गाडी अडवण्याच्या बाजूनं व्हावा, सोडण्याच्या नाही.

फाटकवाला
‘पी’ पाटीचं उत्तर राहिलं. तिचा खरा उपयोग सगळे दिवे गेल्यावर. अंधारात नुसता खांब दिसला तर तो होम आहे की डिस्टंट, हे कसं कळणार? होम असेल तर तो तांबडा धरून थांबायचं. ‘पी’ दिसली तर हा डिस्टंट, त्याला एक पिवळा धरायचं आणि होमला थांबायच्या तयारीनं पुढं जायचं. शिवाय दिवा लागला आहे की नाही यावर रिले, म्हणजे विजेवर चालणारा आपोआप स्विच, लक्ष ठेवून असतो. होमचा तांबडा विझला तरी डिस्टंट पिवळाच राहतो.

फाटकाच्या सिग्नलवर ‘जी’ असतो. तो तांबडा असेल तर शिट्टी देऊन दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटं थांबायचं आणि मग फाटकावर नजर ठेवून जपून पुढं जायचं. होमला ही मुभा नाही.

जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘सिग्नल पडला’ असतं. ते खाली झुकणाऱ्या हाताच्या सिग्नलवरून आलंय. तेव्हा डिस्टंटचं काम वॉर्नर करायचा. त्याच्या हाताचं टोक माशाच्या शेपटीसारखं कापलेलं असायचं.

करवीर_प्रवासी
खूप छान कळलं. एवढं सगळं असताना तांबडा ओलांडला जातो तो कशामुळं? आणि धुक्यात काय करतात? थंडीत सकाळी पंचगंगेकाठी समोरचं काही दिसत नाही.

सांधेवाला
धोका त्या मधल्या १ किलोमीटरमध्ये असतो. पिवळा पाहिला, पण होम नंतर मोकळा होईलच असं धरून ब्रेक उशिरा लावला, हे मोठं कारण. म्हणून लोको पायलट आणि सहायक दोघांनी प्रत्येक सिग्नल मोठ्यानं पुकारायचा असतो. वळणावर फांद्या आड येतात. मिरजेकडून येताना संध्याकाळचा सूर्य समोर असतो. दिव्यावर टोपी असते खरी, पण उतरतं ऊन थेट काचेवर आलं तर रंग फिका पडतो. फांद्या वेळेवर तोडणं आणि काच पुसणं ही कामं छोटी वाटतात, पण त्यांना माझ्या लेखी ब्रेकइतकंच महत्त्व आहे.

धुक्यासाठी स्टेशनवर १८० मीटरवर एक खूण ठरवलेली असते. ती दिसेनाशी झाली की सिग्नलच्या किमान २७० मीटर अलीकडे, १० मीटरच्या अंतरानं दोन फटाके रुळावर बांधतात. चाकाखाली बार झाले की सिग्नल जवळ आला, हे कानाला कळतं. आता ‘कवच’ आलंय. त्यात रुळांमधल्या आरएफआयडी टॅगवरून (इंजिन वरून जाताना वाचतं त्या चिपा) आणि रेडिओवरून माहिती घेऊन पुढचा सिग्नल केबिनमध्येच दिसतो आणि लोको पायलटनं दाद दिली नाही तर यंत्रणा स्वतः ब्रेक लावते.

ऊसपट्टा
मग कोल्हापुरात शिरताना होम हिरवा मिळतो का कधी?

फाटकवाला
जिथं लाइनच संपते तिथं हिरवा द्यायचा कुणाच्या जिवावर? पुढं बफर, म्हणजे रुळाच्या टोकाचा अडथळा, आहे. होमला पिवळा, म्हणजे डिस्टंटला दोन पिवळे. हीच तिथली सगळ्यात मोकळी खूण.

करवीर_प्रवासी
शेवटचं एक. रुळाचं काम चालू असतं तिथं पिवळ्या-काळ्या पाट्या लावतात. त्या डिस्टंटसारख्याच का?

फाटकवाला
काम तेच, फक्त तात्पुरतं. आधी कॉशन ऑर्डर, म्हणजे टी/४०९ चा कागद, लोको पायलटच्या हातात सही घेऊन देतात. कुठल्या किलोमीटरपासून कुठपर्यंत किती वेग, हे त्यावर असतं. मग जागेवर पाट्या. कामाच्या १२०० मीटर अलीकडे माशाच्या शेपटीची आडवी पाटी, रात्री तिच्यावर दोन पिवळे दिवे. काम ३० मीटरवर आलं की वेगाचा आकडा लिहिलेली तिकोनी पाटी. काम संपल्यावर पिवळ्या गोल पाट्या, ‘टी/पी’ प्रवासी गाडीसाठी आणि ‘टी/जी’ मालगाडीसाठी. त्या जरा पुढं असतात. इंजिन पाटीपाशी पोहोचेल तेव्हा शेवटचा डबा कामाच्या जागेतून बाहेर पडलेला असायला हवा, म्हणून तेवढं अंतर. मालगाडी लांब, म्हणून तिची पाटी आणखी पुढं.