जखमेचा स्वॅब: पीसीआर 'इनव्हॅलिड' का येतो?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदा)
मधुमेही पायाच्या जखमांचे स्वॅब आम्ही पीसीआरला (जंतूंच्या डीएनएच्या प्रती काढून ते शोधणारी चाचणी) पाठवतो, कारण कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, दोन-तीन दिवस जातात. एक रिपोर्ट 'इनव्हॅलिड' आला. दुसऱ्यात स्टॅफ ऑरियस हा जंतू आणि मेकए (मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देण्याचं जनुक) दोन्ही पॉझिटिव्ह, पण कल्चरमध्ये साधा, मेथिसिलिनला दाद देणारा ऑरियस निघाला. स्वॅब जेलचं ड्रेसिंग काढल्याबरोबर घेतो. चुकतंय कुठे?

उत्तर
'काढल्याबरोबर' इथेच. इनव्हॅलिड म्हणजे जंतू नाहीत असं नव्हे. इंटर्नल कंट्रोल (चाचणी नीट चालली का हे कळावं म्हणून किटमध्येच असलेली खूण) सुद्धा उमटला नाही, म्हणजे नमुन्यातल्या कशाने तरी डीएनएच्या प्रती काढणारं एंझाइम अडवलं. बहुतेक वेळा रक्तातलं हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग. जेलचा लगदाही नळीत जायला नको. जखम सलाइनने धुवा, पू आणि मेलेला पांढरा थर काढा, रक्त थांबू द्या. मग तळाच्या लालसर, जिवंत भागावर १ चौरस सेंटिमीटरमध्ये स्वॅब ५ सेकंद दाबून फिरवा. आतला द्रव वर यायला हवा. याला लेव्हिन पद्धत म्हणतात. खरवडून तळाचा तुकडा मिळाला तर त्याहून चांगलं. स्वॅब नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा घ्या. कॅल्शियम अल्जिनेटचा किंवा कोळशाच्या माध्यमातला पीसीआरला चालत नाही. कल्चरचा स्वॅब वेगळा.

लॅबला डीएनए १:१० पातळ करून पुन्हा लावायला सांगा. अडथळा सुटतो, पण सीटी (डीएनए दिसायला लागेपर्यंत लागलेली पीसीआरची आवर्तनं) साधारण ३.३ ने वाढतो, त्यामुळे जंतू मुळात थोडे असतील तर हुकतात.

उत्तर
आता दुसरा रिपोर्ट. मेकए एकट्या ऑरियसची मालमत्ता नाही, त्वचेवरच्या एपिडर्मिडिस या त्याच्या भाऊबंद जंतूमध्येही तो सर्रास असतो. साधा ऑरियस आणि मेकएवाला एपिडर्मिडिस एकाच स्वॅबवर आले की रिपोर्ट एमआरएसएसारखा (मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या ऑरियससारखा) दिसतो. दोन्हींचे सीटी मागवा; बरंच अंतर असेल तर जंतू दोन असण्याची शंका घ्या. किट एससीसीमेक कॅसेटचा (मेकए ज्यात असतो त्या डीएनएच्या तुकड्याचा) ऑरियसच्या गुणसूत्राशी असलेला सांधा तपासतं का, तेही विचारा. नुसत्या सांध्यावरही विसंबू नका, कधी कॅसेट असते पण आतला मेकए गळालेला असतो.

प्रश्नकर्ता
मेच्या उन्हात नमुना रिक्षाने जातो, तेही कारण असेल?

उत्तर
इनव्हॅलिडचं नाही. पण उष्णतेत भराभर वाढणारे जंतू बाकीच्यांना झाकतात, म्हणून थर्मोकोलच्या डब्यात २ ते ८ अंशांवर पाठवा. आणखी एक: पीसीआर मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडतो. अँटिबायोटिक चालू असताना 'बरं होतंय का' हे त्यावरून ठरवू नका. स्वॅब घेण्याआधी जखम बघा: सूज, कडेभोवती ०.५ सेंटिमीटरहून जास्त लाली, ऊब, दुखणं, पू. यांतली दोन तरी लक्षणं नसतील तर स्वॅब पाठवूच नका. न्यूरोपॅथी (मधुमेहाने नसा बधिर होणं) असेल तर दुखणं जाणवतच नाही, तेव्हा हाताच्या पाठीने दोन्ही पायांची ऊब ताडून पाहा.